सलाईन लावूनही घेरी का येते?

ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, वय ३८. रोप लावणीत वाकून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. गेल्या आठवड्यात पहाटे न्हाणीत पडले. बीपी ९२/६० निघालं. दर महिन्याला सलाईन लावून घेते, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. पाळी आठ-नऊ दिवस चालते. श्रावणी सोमवार निर्जळी करते. शेजारच्या म्हणतात मीठ खा, सासूबाई म्हणतात कामाचा कंटाळा आहे. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, पण उठताना त्यांचाही झोक जातो. काय करू?

ताई, हा कामाचा कंटाळा नव्हे. तुमच्या अंगात काहीतरी कमी पडतंय. पत्र वाचून माझं लक्ष ९२ च्या आकड्यापेक्षा एका छोट्या वाक्यावर अडलं: पाळी आठ-नऊ दिवस चालते. हे वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का?

आडवं किंवा वाकलेलं माणूस उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं. मग नाडी वाढते, पायांच्या शिरा आवळल्या जातात आणि मेंदूचं रक्त टिकून राहतं. पण मुळात अंगात पाणी किंवा रक्तच कमी असेल, तर ही सावरासावर अपुरी पडते आणि डोळ्यांपुढं काळोख येतो. रात्रभर पाणी नाही, पहाटे नुसता चहा, वर निर्जळी उपवास आणि चिखलात तासन् तास वाकणं, एवढ्यात कुणालाही घेरी येईल. त्यात पाळीत जास्त रक्त जात असेल तर विचारायलाच नको.

९०/६० च्या खाली गेलं की त्याला लो बीपी म्हणतात. बऱ्याच सडपातळ बायकांचं बीपी जन्मभर शंभरच्या आसपास असतं आणि त्यांना काहीही होत नाही. शिवाय बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा खोटा कमी येतो. म्हणून एकदा नीट मोजा. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी लिहा. मग उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत मोजा. बोलू नका, दंड छातीच्या उंचीवर धरा, पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नको. शेजारी कुणीतरी धरायला असू दे. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर खरा बिघाड सापडला. नाडी ३० पेक्षा जास्त वाढली, तर पाणी किंवा रक्त कमी असल्याची शंका घ्यायची. हा कागद डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात कन्नड बोलावं लागलं तर एक लक्षात ठेवा. ‘तले तिरुगुत्तदे’ म्हणजे डोकं फिरतंय. तेवढंच सांगितलं तर गरगरण्यावरच्या, म्हणजे कानाच्या बिघाडाच्या गोळ्या मिळू शकतात. तुमचा त्रास वेगळा आहे. सांगा, ‘एद्द कूडले कण्णिगे कत्तले बरुत्तदे’, उठल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि पाळीचं न लाजता सांगा: किती दिवस, दर एक-दोन तासांनी कापड बदलावं लागतं का, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का.

हिमोग्लोबिन तपासून घ्याच. बाईचं १२ च्या खाली असलं की पंडुरोग, आठच्या खाली गेलं की तो गंभीर. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, आशाताईंना विचारा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि दूध तिच्या आगेमागे तासभर तरी नको, चहानं लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते, घाबरू नका. महिन्याभरात एखाद्या ग्रॅमनं हिमोग्लोबिन वाढलं पाहिजे. बरं वाटलं म्हणून सोडू नका, आकडा नीट झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात. आणि रक्त जास्त का जातंय, ते बाईंच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. एका हातानं लोह भरायचं आणि दुसरीकडून रक्त वाहू द्यायचं, यात काही हाशील नाही.

सलाईनचं सांगते. ५०० मिलीच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ग्लुकोजच्या बाटलीत पाच टक्क्यांप्रमाणे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. त्यात रक्ताचा एक थेंबही नाही. अंगात पाणी भरतं म्हणून बरं वाटतं, मग ते निघून जातं. पिता येत असेल तर तेच काम तोंडानं होतं.

उठल्याबरोबर, अंथरुणातच, दोन पेले पाणी प्या. पावलं दहा-पंधरा वेळा वरखाली करा, मिनिटभर पाय सोडून बसा, मग कशाला तरी धरून उभ्या राहा. चहाआधी भाकरी किंवा नाचणीची आंबील पोटात जाऊ दे. शेतात मीठ घातलेलं ताक न्या. बीपी, हृदय, किडनी यांचा त्रास नसेल तर एवढं मीठ चालतं, चमच्यानं नुसतं मीठ खाऊ नका. वाकलेल्या कमरेतून झटकन उठू नका, गुडघ्यांवर हात टेकून हळू या. अंधारी यायला लागली तर पायांची तिढी घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, तरी थांबली नाही तर बांधावरच आडव्या व्हा. सोमवार जरूर करा, पण पाणी, दूध, फळं, राजगिऱ्याचा लाडू घेऊन. लावणीच्या दिवसांत निर्जळी नकोच.

बेशुद्ध पडलात तर घरच्यांनी उठवून बसवायचं नाही आणि तोंडात पाणी तर मुळीच ओतायचं नाही. सपाट झोपवून पाय उशीवर उचलायचे. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखलं, धडधड होऊन किंवा कष्ट करतानाच पडलात, बोबडी वळली, किंवा लोह चालू नसताना डांबरासारखी शौच झाली, तर थेट १०८. पाळी चुकली असेल तर आधी गर्भाची तपासणी करा. त्यात पोटात जोराची कळ आली तर एक मिनिटही थांबू नका.

आता सासूबाई. बीपीच्या गोळ्यांनीही उठताना बीपी उतरू शकतं. त्यांनी गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि तुमचं खारं ताकही प्यायचं नाही. वर सांगितल्याप्रमाणे आडवं पडून आणि उभं राहून त्यांचंही बीपी तुम्हीच मोजा, आणि दोघींचे कागद घेऊन एकाच दिवशी दवाखान्यात जा.