तिची माफी तुम्ही कशी लिहिणार?

प्रश्न : कॉलेजात असताना मैत्रिणीने वाचायला दिलेली तिची कथा मी माझ्या नावावर वार्षिक अंकात छापून आणली. बक्षीसही मिळालं. ती एका शब्दाने बोलली नाही, पण पुढे तिने लिहिलंही नाही. आता आम्ही दोघी साठीच्या. मी कोथरूडला, ती सहकारनगरला. लग्नकार्यात भेटतो, गप्पा मारतो. या सगळ्यावर मी एक कथा लिहिली आहे, सोबत जोडते. दिवाळी अंकात आली की प्रायश्चित्त होईल ना? – एक अपराधी

उत्तर : ताई, कथा वाचली. चांगली उतरली आहे, पण घोळ तिथेच आहे. शेवटी मैत्रीण तुमचा हात हातात घेते आणि म्हणते, "अगं, मी कधीच विसरले ते." हे ती कधी म्हणाली? आधी तिची कथा घेतलीत, आता तिची माफीही तुम्हीच लिहून मोकळ्या झालात.

इयन मॅकइवनच्या 'अटोनमेंट' (२००१) या कादंबरीतली ब्रायनी हेच करते. तेराव्या वर्षी दिलेल्या तिच्या खोट्या साक्षीने बहिणीचा प्रियकर तुरुंगात जातो. पुढे लेखिका झाल्यावर ती कादंबरीत त्या दोघांना पुन्हा एकत्र आणते. शेवटी कळतं, दोघंही १९४० मध्येच गेलेली. माफी मागायला कुणी उरलंच नव्हतं, एवढी सबब तरी तिच्याजवळ होती. तुमची मैत्रीण स्वारगेटच्या पलीकडे राहते हो!

टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन'मधला (१८९९) नेख्ल्युदोव बघा. ज्या कात्यूशाला फसवून सोडलं, तीच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात दिसते, आणि हा ज्युरीत. तो लग्नाचं विचारतो, तर ती भडकते : स्वतःचा उद्धार करून घ्यायला मीच सापडले का? लग्न ती शेवटपर्यंत नाकारतेच. पण वकील, अर्ज, कचेऱ्यांचे खेटे हे सगळं तिच्या कामी येतं, सक्तमजुरीची शिक्षा सौम्य होते. मला हा गृहस्थ लग्नाची मागणी घालताना असह्य होतो, खेटे घालताना आवडतो.

तुम्हीही तेच करा. मैत्रिणीला पत्र लिहा, हाताने, एक पानभर. फोन नको, फोनवर समोरच्याला लगेच "जाऊ दे गं" म्हणावं लागतं. बाकरवडीचा पुडा घेऊन घरी तर मुळीच जाऊ नका. काय केलंत ते सरळ लिहा, त्या वयाची कारणं देऊ नका, "माफ कर" असंही लिहू नका. एवढंच विचारा : ती कथा तुझी आहे, असं मी कॉलेजला लेखी कळवू का? तिला गाजावाजा नकोही असेल, ते तिला ठरवू दे. "हो" म्हणाली, तर प्राचार्यांना आणि ग्रंथालयाला अर्ज द्या, त्या अंकात दुरुस्तीची चिठ्ठी लावून घ्या. एका फेरीत काम होणार नाही.

उत्तर आलं नाही, तर विचारायला जाऊ नका. पुढच्या लग्नात भेटली तर नेहमीसारखं बोला, त्या कथेबद्दल मात्र तिने विषय काढला तरच. आणि कथा दिवाळी अंकाकडे गेली असेल, तर संपादकांना आजच फोन करून परत मागवा.