पेपर झालाय, प्रस्तावनाच येईना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली संशोधन करणारी मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, गाईडचा फोन आला की छातीत धडधडतं, अशा तक्रारी घेऊन. बोलता बोलता गाडी पुष्कळदा एकाच ठिकाणी अडते. पेपरमधलं, म्हणजे शोधनिबंधातलं, बाकी सगळं झालेलं असतं, प्रस्तावना मात्र हातून उतरत नाही. मग "मी या कामाच्या लायकीचीच नाही" इथवर विचार जातो. एका विद्यार्थिनीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, इथे देते.

ती निपाणीकडची. विषय, घरी विड्या वळणाऱ्या बायका आणि छाट. वळलेल्या विड्या ठेकेदाराकडे नेल्या की खराब म्हणून काही बाजूला काढतात, ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. छाट कोण ठरवतं, बाईला त्यावर काही बोलता येतं का, हे तिने घरोघरी बसून विचारलं होतं. मुलाखती फार चांगल्या होत्या. पहिलं पान मात्र असं: "आजच्या जागतिकीकरणाच्या युगात असंघटित क्षेत्रास अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. भारत हा कृषिप्रधान देश असून..." पुढे श्रम म्हणजे काय याची व्याख्या, मग पोर्तुगिजांपासून तंबाखूचा इतिहास. विडी वळणारी बाई थेट तिसऱ्या पानावर. हे पान ती खोडत होती आणि पुन्हा तसंच लिहीत होती.

"अशी सुरुवात का केलीस गं?"

"सुरुवातीला मोठं कायतरी पाहिजे की मॅडम. नाहीतर म्हणतील, हिला काय येतंय."

बऱ्याच वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. तिची आईच विड्या वळते. घरातलंच रडगाणं लिहिलंय, हे कसलं संशोधन, असं कुणी म्हणेल याची तिला धास्ती होती. म्हणून युग, देश, व्याख्या अशी रांग तिने पुढे उभी केली होती आणि स्वतःचा प्रश्न मागे लपवला होता.

मला वाटतं, प्रस्तावना अडण्याचं कारण भाषा क्वचितच असते. आपण किती वाचलंय हे सिद्ध करायची ती जागा, असं मुलं धरून चालतात. वाचणाऱ्याला तेवढी उत्सुकता नसते. शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांची घडण मांडली आहे: या विषयात आजवर काय कळलंय, त्यात काय राहून गेलंय, आणि या पेपरात त्याचं आपण काय करतोय. जगभर विद्यार्थ्यांना हाच आराखडा शिकवतात. पण आराखडा हातात दिला म्हणून धास्ती जात नाही. म्हणून मी तिला लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हटलं, "आईशी बोलतेस तसं सांग. तुला नेमकं काय बघायचं होतं?"

ती थांबत थांबत म्हणाली, "छाट किती निघाली ते बायकांना नंतर कळतंय. मोजताना त्या तिथं नसतातच. मग ती मोजणी त्यांनी खरी का मानायची? एवढंच बघायचं होतं मला."

मी ते जसंच्या तसं कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवलं. प्रस्तावनेचा गाभा तोच होता. आता मागे काय ठेवायचं हे या वाक्यावरूनच ठरणार होतं. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा राहिला, कारण घरी काम करणारी बाईही त्याच्या कक्षेत येत होती. कृषिप्रधान देश गेला, पोर्तुगीज गेले. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनावरचा परिच्छेद काढताना तिच्या जिवावर आलं. तो लढा आपल्या भागाचा, अभिमानाचा. पण तो होता शेतकऱ्याच्या तंबाखूच्या भावाचा, छाटीचा नव्हे. शेवटी तिने तो वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवला.

खरी अडचण पुढच्या वाक्यात होती: "या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही." हे वाक्य मला जवळपास प्रत्येक मसुद्यात दिसतं, आणि सीमाभागात ते जास्तच धोक्याचं. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात आला, त्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. जुने कागद मुंबई राज्याचे, नंतरचा सरकारी व्यवहार कन्नडात, वर्तमानपत्रांतल्या बातम्या मराठीत, प्रबंध इंग्रजीत. एकाच भाषेत शोधून "कोणीही नाही" म्हणणं बरोबर नाही.

"कन्नड वाचता येतं ना?"

"येतंय की. शाळेत होतं."

पण तिने कन्नडात शोधलंच नव्हतं. शोधल्यावर मजुरीच्या दरावरचा एक कन्नड प्रबंध मिळाला, त्यात छाटीचा ओझरता उल्लेख होता. ती घाबरून फोनवर म्हणाली, "संपलं मॅडम, कुणीतरी आधीच केलंय." उलट तिचं काम त्यामुळे सोपं झालं. नवं वाक्य असं उतरलं: "विडी कामगारांच्या मजुरीच्या दरांवर अभ्यास झाले आहेत, मात्र छाटीची मोजणी कामगार स्त्रियांच्या बाजूने पाहणारा अभ्यास प्रस्तुत लेखिकेला मराठी, कन्नड व इंग्रजीत आढळला नाही." यात बढाई नाही, आणि कुठे शोधलं तेही कळतं.

आता मी मुलांना सांगते, कच्ची प्रस्तावना आधी चार ओळींची लिहा, पक्की लिहायला निष्कर्ष झाल्यावर बसा. आपण काय दाखवलं हे कळायच्या आधी काय दाखवणार हे लिहायला बसलं की युग आणि देश आठवणारच.

राहिली आई. तिच्याबद्दल प्रस्तावनेत लिहायची गरज नव्हती. पण अभ्यासपद्धतीच्या भागात दोन वाक्यं हवीत, असं मी सुचवलं. संशोधिका याच कामगार कुटुंबातली आहे, त्यामुळे बायका मोकळेपणाने बोलल्या, आणि आपला कल एका बाजूला झुकू नये म्हणून ठेकेदारांनाही तेच प्रश्न विचारले. तिने ती आधी आईला वाचून दाखवली, नाव न घालता छापायला आई राजी झाली, आणि पेपर गाईडकडे गेला. गाईडने प्रस्तावनेत एकच दुरुस्ती सांगितली: मुलाखती कोणत्या वर्षी घेतल्या ते शेवटच्या ओळीत घाल.