आकडा कुणाचा, कधीचा, कशाचा?

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

जर्मन नौदलावरच्या दोन पुस्तकांपैकी कुठलं घेऊ असं विचारलंस आणि सोबत दोन्हींच्या मुखपृष्ठांचे फोटो पाठवलेस. मुखपृष्ठावरून काय सांगणार? दोन्हींवर 'बिस्मार्क'च आहे, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका. जर्मन नौदल म्हटलं की प्रकाशकांना दुसरं जहाज सुचतच नाही. तुला लिहायचंय ते मात्र पहिल्या महायुद्धात मुंबईजवळच्या समुद्रात सुरुंग पेरून गेलेल्या 'वोल्फ' या जर्मन जहाजाबद्दल. तिच्याकडे शेवटी येतो.

आता 'बिस्मार्क'चं नाव निघालंच आहे, तर दुकानात उभ्या उभ्या तिचंच पान उघड आणि विस्थापन, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं, पर्यायाने जहाजाचंच वजन बघ. नुसतं 35,000 टन छापलं असेल तर पुस्तक परत ठेव. तो आकडा जर्मनीने जगाला सांगितलेला. आंतरराष्ट्रीय करारांची मर्यादा तेवढीच होती आणि 1935 च्या ब्रिटन-जर्मनी नौदल करारानंतर आपण ती पाळतो आहोत असं दाखवणं बर्लिनला सोयीचं होतं. प्रत्यक्षात तिचं मानक (इंधन न धरता मोजलेलं) विस्थापनच 41,000 टनांच्या वर होतं आणि पूर्ण भरल्यावर ते 50,000 च्या घरात जायचं. 'प्रिन्झ ऑयगेन' या क्रूझरचंही (क्रूझर म्हणजे बिस्मार्कसारख्यांहून लहान युद्धनौका) तेच: सांगायला 10,000, खरं 14,000 हून जास्त. त्या वर्षांतल्या नौदल-वार्षिकांत (दरवर्षी निघणाऱ्या, जगभरच्या युद्धनौकांच्या याद्यांत) हे जाहीर केलेले आकडे जसेच्या तसे सापडतात. म्हणून ती वार्षिकं टाकाऊ ठरत नाहीत. 1939 साली लंडनला काय वाटत होतं हे शोधायचं असेल तर त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. जहाज खरोखर कसं होतं, हे मात्र त्यांना विचारू नये.

मला कुठल्याही संदर्भग्रंथाकडून एवढंच हवं असतं: आकडा कुणी दिला, कधीचा आहे आणि नेमकं काय मोजून काढला आहे, हे त्याने सांगावं. चुका सगळ्याच ग्रंथांत असतात, त्या मी माफ करतो. मोजमाप न सांगता आकडा छापणाऱ्याला माफ करत नाही.

याची गोम समजायला 'ड्रेस्डेन' आणि 'एमडेन' या जर्मन क्रूझर घे. एमडेन म्हणजे 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागणारी तीच. दोघी एकाच वर्गातल्या, 10.5 सेंमीच्या दहा-दहा तोफांच्या, दिसायलाही जवळजवळ सारख्या. कोष्टकात मात्र एमडेनपुढे 13,500 अश्वशक्ती असते आणि ड्रेस्डेनपुढे 15,000. घाईतला वाचक म्हणणार, ड्रेस्डेन जास्त ताकदीची. पण एमडेनमध्ये जुन्या पद्धतीची दट्ट्यांची वाफेची इंजिनं होती आणि त्यांची शक्ती सिलिंडरमधल्या दाबावरून काढत. ड्रेस्डेनमध्ये टर्बाइन होती. टर्बाइनला सिलिंडरच नाही, त्यामुळे तिची शक्ती फिरत्या दांड्यावर मोजत. म्हणजे पहिल्या आकड्यात इंजिनातल्या घर्षणात जाणारी शक्तीही धरलेली आहे, दुसऱ्यात ती आधीच वजा झाली आहे. दोन्हींपुढे सारखंच 'अश्वशक्ती' छापणाऱ्या पुस्तकाने वाचकाला फसवलं असं मी म्हणेन. चांगल्या जर्मन ग्रंथात आकड्याच्या शेपटाला दोन-तीन अक्षरांचं संक्षिप्त रूप असतं, ते हाच फरक सांगतं. सुरुवातीला दिलेली संक्षिप्त रूपांची यादी कंटाळा न करता वाच.

विस्थापनातही तीच मेख आहे. कैसरच्या काळात जर्मन आराखड्याचा आकडा मेट्रिक टनांत असे आणि त्यात कोळशाचा काही भाग धरलेला असे. 1922 च्या वॉशिंग्टन करारातला 'मानक' आकडा इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून, 1,016 किलोंच्या इंग्रजी टनांत. ही दोन माणसं वेगवेगळ्या काट्यांवर उभी आहेत, एक कपड्यांनिशी आणि एक कपड्यांविना. 1910 चं जहाज 1935 च्या जहाजाशेजारी मांडणारं कोष्टक दिसलं की खालची टीप शोध. टीप नसेल तर ते कोष्टक शोभेचं समज.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. 'डेरफ्लिंगर' ही बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका) चाचणीत 25.8 नॉटने धावली, आराखड्यातल्या आकड्यापेक्षा कमी. ती चाचणी युद्धामुळे डेन्मार्कजवळच्या बेल्ट सामुद्रधुनीच्या उथळ पाण्यात घ्यावी लागली होती आणि उथळ पाणी मोठ्या जहाजाला मागे ओढतं. हे न सांगता 'अपेक्षेपेक्षा मंद' असा शेरा मारणारे लेखक भेटतील.

आता ग्रोनरबद्दल. या विषयात सगळे अखेर एरिख ग्रोनरपाशी येतात. जर्मन युद्धनौकांवरचा त्याचा संदर्भग्रंथ प्रथम 1937 साली आला. 1965 मध्ये तो गेल्यावर डिटर युंग आणि मार्टिन मास यांनी काम पुढे नेलं आणि 1982 पासून त्याची आठ खंडांची आवृत्ती निघाली. गोदी, बांधणी क्रमांक, मार्कांत खर्च, चिलखताची जाडी, समुद्रात जहाज कसं वागायचं, शेवट कुठे झाला, सगळं दाटीवाटीने भरलेलं. गोष्ट म्हणून वाचायला घेशील तर दुसऱ्या पानावर झोप येईल. इंग्रजीत 1990-91 मध्ये त्याचे दोनच खंड आले, तेव्हा इंग्रजीत एखादी नौका सापडली नाही म्हणून ती ग्रोनरमध्ये नाहीच असं लिहून मोकळा होऊ नकोस. आणि ग्रोनर म्हणजे वेदवाक्य नव्हे. पुढची बरीच पुस्तकं त्याच्याच आकड्यांवर उभी आहेत. पाच पुस्तकांत एकच आकडा मिळाला म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं नाही. बहुतेक वेळा तो एकच साक्षीदार पाचदा बोललेला असतो.

प्रकाशनाचं वर्ष बघायला मी का सांगतो तेही ऐक. 1945 मध्ये जर्मन नौदलाची दप्तरं टाम्बाखच्या किल्ल्यात ब्रिटिशांच्या हाती लागली आणि लंडनला गेली. ती जर्मनीला परत मिळू लागली 1960 च्या दशकात. आज ती फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. त्याआधीच्या जर्मन लेखकाला बरंचसं आठवणींवर आणि खासगी कागदांवर भागवावं लागे. म्हणून 1950 च्या दशकातलं पुस्तक 2000 साली 'सुधारित आवृत्ती' म्हणून आलं तर प्रस्तावना वाच. नवीन दप्तर पाहिलं आहे की नुसतं आवरण बदललं आहे, ते तिथे कळतं.

निर्देशसूचीची परीक्षा मला फार आवडते. 'ल्युट्झो' काढ. एक बॅटलक्रूझर 1 जून 1916 रोजी जटलंडच्या लढाईनंतर बुडाली. दुसरी जड क्रूझर, 1940 मध्ये अपुऱ्या अवस्थेतच सोव्हिएत संघाला विकलेली. तिसरी म्हणजे 'डॉइचलांड', जिला पुढे हेच नाव दिलं. सूचीत तिघी वेगळ्या दाखवल्या असतील तर संपादक जागा होता. एकाच नावापुढे पानांची माळ लावली असेल तर आतही तशीच सरमिसळ असणार.

फोटोंना फार भाव देऊ नकोस. बिस्मार्कच्या कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे मे 1941 मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये रंगवून झाकले होते. ठसठशीत पट्टे असलेल्या फोटोखाली 'हूडशी लढताना, 24 मे' (हूड ही ब्रिटिश युद्धनौका) असं लिहिलेलं दिसलं की काय ते समज.

आता तुझी वोल्फ. तुझ्या दोन्ही पुस्तकांत ती बहुधा दोन ओळींत उरकलेली असेल, कारण ती मुळात 'वाख्टफेल्स' नावाची मालवाहू बोट, हान्सा कंपनीची. (मार्च 1943 मध्ये मुरगाव बंदरात पेटलेल्या 'एहरेनफेल्स' वगैरे बोटी त्याच कंपनीच्या. त्याही व्यापारी जहाजंच, युद्धनौकांच्या यादीत शोधत बसू नकोस.) जर्मन ग्रोनरमध्ये अशा सहायक क्रूझर (तोफा बसवून लढायला काढलेली व्यापारी जहाजं) तिसऱ्या खंडात, पाणबुड्यांबरोबर आहेत. प्रवासाची हकिकत हवी असेल तर हिल्डेब्रांड, रोर आणि स्टाइनमेट्झ यांचे जहाजांची चरित्रं सांगणारे खंड बघ. पण तेवढ्याने तुझा लेख होणार नाही. वोल्फचा कप्तान नेर्गर याने मुंबईबाहेर सुरुंग टाकले फेब्रुवारी 1917 मध्ये. 'मंगोलिया' ही पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची बोट त्यावर आदळून बुडाली 23 जूनला, आणि तेव्हा वोल्फ पार न्यूझीलंडच्या बाजूला पोचली होती. आपल्या सुरुंगांनी काय केलं ते जहाजावरच्या माणसांनी पाहिलंच नाही. ती बाजू ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या नुकसानीच्या याद्यांत आणि त्या वेळच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत शोधावी लागेल.

तेव्हा सध्या दोन्हींपैकी एकही घेऊ नकोस. तिसरा खंड कुठल्या ग्रंथालयात मिळतो का ते आधी पाहा. पैसे खर्च करायचेच असतील तर त्या दोन पुस्तकांच्या निर्देशसूचीतलं 'ल्युट्झो'चं पान आणि संक्षिप्त रूपांची यादी यांचे फोटो पाठव, मग सांगतो.

तुझा,
काका