हनोईचे रस्ते नाशिकच्या माणसाला झेपतील का?

तुम्ही विचारलंय की व्हिएतनामला, हनोईला पहिल्यांदाच चाललोय, जुन्या शहरात चार दिवस मुक्काम आहे, तिथल्या गर्दीत वावरायला जमेल का.

नाशिकचा मेनरोड आणि रविवार कारंजा रोज तुडवणाऱ्याला काय जमणार नाही, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच सकाळी पाच-सात मिनिटं रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान मात्र सवयीने उजवीकडे वळते. त्यात स्कूटरींचा लोंढा असा की मध्ये फट म्हणून पडत नाही. शेवटी मी नाशिक पद्धतीने हात दाखवत चार पावलं पळालो, दचकून थांबलो, दोन पावलं मागे आलो. नेमकं हेच करायचं नाही. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने काढतात. चाल बदलली की त्यांचा हिशोब चुकतो.

आई सोबत होती. तिचे गुडघे दुखतात, पळणं शक्यच नाही. ती आपली त्र्यंबकच्या वारीला निघाल्यासारखी एका लयीत चालू लागली आणि गाड्या तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या. पलीकडे पोचून मलाच हाक, "ये की रे!" पुढचे चारही दिवस मी तिच्या मागे. (बस आणि मोटारींना मात्र आधी जाऊ द्या, त्या काही वळसा घालत नाहीत.) हेल्मेटसक्ती २००७ च्या डिसेंबरपासून आहे आणि हेल्मेट खरंच डोक्यावर दिसतं, आरशाला अडकवलेलं नाही.

फुटपाथवर चालायला मिळेल ही आशा सोडा. अर्ध्या जागेत स्कूटरी लावलेल्या, उरलेल्या जागेत प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं. बालवाडीतली वाटावीत इतकी बुटकी, पण त्यावर ऑफिसातली माणसं गार चहा पीत, सूर्यफुलाच्या बिया सोलत निवांत बसलेली. त्या चहाला 'चा दा' म्हणतात. 'चाय' अशी पाटी दिसली तर ती चहाची नव्हे, शाकाहारी खाणावळीची! आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर आईने केळी आणि पावावर काढलं. तिथेही बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, हे ऐकून आईचा जीव थंड झाला.

नोटांकडे नीट बघा. वीस हजार डाँगची (तिथलं चलन) आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर. मी फळवालीला वीस हजारांऐवजी पाच लाखांची दिली, म्हणजे आपले दीड-पावणेदोन हजार रुपये. तिच्या खांद्यावर कावड, डोक्याला शंकूसारखी टोपी. तिने नोट माझ्यासमोर धरली, मान हलवली आणि माझ्याच पाकिटातली बरोबर नोट बोटाने दाखवली. सगळीकडे असंच होईल असं धरून चालू नका.

होआन किएम तळं सगळेच सांगतील. शनिवार-रविवारी त्याच्या भोवतालचे रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा जा. मला जास्त आवडल्या त्या जुन्या शहरातल्या गल्ल्या. आपल्याकडे सराफ बाजार, भांडी बाजार, तसं तिथे गल्लीच्या नावातच माल असतो. हांग बाक म्हणजे चांदीची, हांग थिएक पत्र्याच्या कामाची. हांग थिएकमध्ये कारागीर दारातच बसून पत्रा ठोकतात. तो आवाज ऐकून आईला तांबट आळी आठवली. तिने एक डबा उचलला, बुडाला बोटाच्या पेराने टिचकी मारली, झाकण दोनदा उघडलं-लावलं. कारागिराने कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून पुढे केला. आईने तो खोडून निम्मा टाकला. तो हसला, थोडा वाढवला. असं तीन-चारदा झालं, भाषेचा एक शब्द न वापरता.

डबा आणला. सध्या त्यात चिवडा आहे, झाकण जरा घट्ट बसतं.