चट्टा दिसला म्हणून थांबू नकोस

प्रिय डॉक्टर,

गोचीड चावल्याचा इतिहास, मांडीवर पसरत गेलेला लाल चट्टा, म्हणून लाइम, म्हणजे गोचिडीतून येणारा बॅक्टेरियाचा आजार. निदान बरोबरच आहे, आणि अशा चट्ट्यावर अँटिबॉडी तपासणीसाठी अडून बसली नाहीस हेही उत्तम. पण अमॉक्सिसिलिन सुरू होऊन तिसरा दिवस, तरी ताप १०३. डोस वाढवण्याआधी सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद पुन्हा बघ. पांढऱ्या पेशी २,८००, प्लेटलेट्स ९० हजार, दोन्ही कमी; यकृताचं एसजीपीटी चढलेलं. नुसत्या लाइमला हे शोभत नाही.

लाइम पसरवणारी इक्सोडीस जातीची गोचीड एकाच चाव्यात अ‍ॅनाप्लाझ्मा हा दुसरा बॅक्टेरियाही देऊ शकते. तो जंतू न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो आणि अमॉक्सिसिलिनला दाद देत नाही. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० ते १४ दिवस दे. तेवढ्यात या चट्ट्याच्या लाइमचंही भागतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी) रक्त आधी काढ, पण रिपोर्टची वाट बघत गोळी अडवू नकोस. आठ वर्षांखालच्या मुलांनाही हा छोटा कोर्स चालतो. दात पिवळे पडण्याची जुनी भीती इथे आड येऊ देऊ नये.

स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघ. न्यूट्रोफिलमध्ये जांभळट ठिपक्यांचा गुच्छ दिसला तर काम सोपं झालं. नाही दिसला म्हणून अ‍ॅनाप्लाझ्मा नाही असं मात्र म्हणता येत नाही. त्याच काचेवर लाल पेशीही बघायच्या. तिथे बारीक अंगठ्या दिसल्या तर बॅबेसिया. तो बॅक्टेरिया नव्हे, परजीवी. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन लागतं. डॉक्सीवर ४८ तासांत ताप उतरला नाही, तर हा विचार करायचाच.

सोबतचा संसर्ग नजरेतून सुटणं हे एक टोक; दुसरं टोकही तुला भेटेल. महिनोन्‌महिने थकवा असलेला पेशंट पाच-सहा ‘सहसंसर्गां’ची यादी घेऊन येतो, त्यात बार्टोनेला हा बॅक्टेरिया हमखास. गोचिडीमुळे माणसाला बार्टोनेला होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. पेशंटचं दुखणं खरं असतं, ते नीट ऐक, दुसरी कारणं शोध. पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊ नकोस. चाचण्यांमध्ये त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही, आणि शिरेतल्या नळीचे गंभीर संसर्ग मात्र झालेले आहेत.

राहिलं अ‍ॅनाप्लाझ्माच्या सिरॉलॉजीचं, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी तपासणीचं. पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घे, टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) चौपट वाढलं तर निदान पक्कं. त्याची तारीख आजच केसपेपरवर लिहून दे. ताप उतरला की पेशंट फिरकत नाही.