वाचकांचे प्रश्न : पुदिन्याच्या वासाविना थंडावा

प्रश्न : माझ्या नव्या टूथपेस्टला फळाचा वास आहे, पुदिन्याचा मागमूस नाही. वेष्टनावर मेंथॉल कुठेच छापलेले नाही. तरी दात घासल्यावर तोंड बराच वेळ गार राहते. त्यात नेमके काय असते?

उत्तर : बहुधा डब्ल्यूएस-३, डब्ल्यूएस-२३ किंवा मेंथाइल लॅक्टेट यांपैकी एखादे बिनवासाचे शीतकारक, म्हणजे थंडावा देणारे संयुग. घटकांच्या यादीत हे पदार्थ अनेकदा ‘फ्लेवर’ किंवा ‘अरोमा’ या एकाच शब्दाखाली जातात, म्हणून नाव शोधून सापडत नाही.

मेंथॉल काय किंवा ही नवी संयुगे काय, तोंड थंड करत नाहीत. थंडी कळवणाऱ्या मज्जातंतूंना फसवतात. या तंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचे प्रथिन असते. ते एरवी तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उघडते. मेंथॉल त्याला चिकटले की हा उंबरठा वर सरकतो आणि तोंडाच्या नेहमीच्या उबेतही ते उघडे राहते. पेपरमिंटची गोळी चघळून साधे पाणी प्यायले तर ते बर्फाचे लागते ना, ते याचमुळे. हे प्रथिन २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले, त्यामागच्या कामात हेही होते.

‘डब्ल्यूएस’ ही अक्षरे विल्किन्सन स्वोर्ड या दाढीची पाती बनवणाऱ्या कंपनीची. मेंथॉलचा उग्र वास, त्याचे उडून जाणे आणि डोळे चुरचुरणे टाळून थंडावा मिळावा म्हणून १९७० च्या दशकात तिच्या रसायनशास्त्रज्ञांनी सुमारे १,२०० संयुगे तपासली. डब्ल्यूएस-३ चा सांगाडा मेंथॉलसारखाच आहे. डब्ल्यूएस-२३ मध्ये तर मेंथॉलमधले सहा कार्बनांचे कडेही नाही, तरी ते काम करते.

प्रश्न : मी घरगुती प्रमाणावर जेल बनवते. १०० ग्रॅममध्ये १ ग्रॅम मेंथॉलचे खडे आणि ५ ग्रॅम अल्कोहोल घालते. पहिले दोन दिवस छान, मग झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक सुया दिसतात आणि जेल गढूळ होते. शिवाय लावणाऱ्यांचे डोळे झोंबतात. मेंथॉलऐवजी काय घालू?

उत्तर : त्या सुया मेंथॉलच्याच. एक लिटर पाण्यात ते जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते, म्हणजे तुमच्या जेलमध्ये पाण्याच्या कुवतीच्या वीसपट मेंथॉल आहे. अल्कोहोल ५ टक्के असताना त्याला धरून ठेवू शकत नाही. जे विरघळले नाही ते जेल गढूळ करते. जे उडते त्यातले काही झाकणाला लागून पुन्हा घट्ट होते, काही थेट डोळ्यांपर्यंत पोहोचते. अल्कोहोल वाढवलेत तर जेल पातळ होईल आणि त्वचा कोरडी पडेल, तेव्हा तो रस्ता नको.

मेंथाइल लॅक्टेट घ्या. त्याला वास जवळपास नाही आणि उडण्याची सवयही फार कमी. थंडावा जरा उशिरा येतो, पण जास्त टिकतो. १०० ग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम पुरे. त्यात अडीच ग्रॅम पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल (पाण्यात न विरघळणारे पदार्थ पाण्यात मिसळवणारा घटक) घाला आणि भांडे ५० अंशांच्या पाण्यात ठेवून मिश्रण काचेसारखे स्वच्छ होईपर्यंत ढवळा. मेंथाइल लॅक्टेट चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे याहून जास्त आच लागत नाही. आता तितक्याच कोमट पाण्याचे १५-२० ग्रॅम त्यात थेंबथेंब सोडा, ढवळणे थांबवू नका. मधे एकदा मिश्रण दाट होते. तिथे घाबरून पाणी ओतू नका, ते पुढे आपोआप सैल होते. दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात अर्धा ग्रॅम कार्बोमर (जेल घट्ट करणारी पूड) पूर्ण भिजवून ठेवलेले असावे, सोबत ५ ग्रॅम ग्लिसरीन आणि नेहमीचे संरक्षक. दोन्ही एकत्र करून शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाने पीएच ६ च्या आसपास आणा. जेल तेव्हाच घट्ट होते.

बहुतेकांची चूक अशी की तयार, गार जेलवर मेंथाइल लॅक्टेट तसेच भुरभुरवतात. मग पांढरे ठिपके राहतात आणि घोटूनही जात नाहीत. बनवलेल्या जेलचे दोन नमुने ठेवा : एक रात्रभर फ्रिजमध्ये, एक काही आठवडे ४० अंशांवर. फ्रिजमधल्यात स्फटिक दिसले तर त्या पेग-४० चे प्रमाण ३ ग्रॅमवर न्या.

पीएचकडे मात्र लक्ष हवे. मेंथाइल लॅक्टेट हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले संयुग आहे. अल्कलीत ते तुटते आणि मेंथॉलचा वास परत येतो. म्हणून ९-१० पीएचच्या साबणात ते घालणे म्हणजे पैसे पाण्यात. मेंथोन ग्लिसरीन ॲसिटल हे आणखी एक शीतकारक नेमके उलटे, ते आम्लात तुटते आणि मेंथोनचा वास सोडते, त्यामुळे लॅक्टिक आम्ल असलेल्या क्रीममध्ये चालत नाही. डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ अमाइड या वेगळ्या प्रकारची संयुगे आहेत, अशा बाबतीत बरेच चिवट. साबणासाठी त्यांचाच विचार करा.

प्रश्न : डब्ल्यूएस-२३ चे ३० टक्क्यांचे तयार द्रावण आणले. साखरेच्या गोळ्यांत ‘दोन थेंब’ टाकले तर काही जाणवेना, पाच टाकले तर गोळी कडू. मधले माप कसे काढायचे?

उत्तर : आधी थेंब मोजणे सोडा. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो, आणि तो मिलिग्रॅममध्ये किती हे कुणालाच माहीत नसते. समजा १ किलो मिश्रणात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग), म्हणजे ५० मिलिग्रॅम हवे. ३० टक्क्यांच्या द्रावणातून ते १६७ मिलिग्रॅममध्येच येते. एक ग्रॅमहून बारीक न मोजणाऱ्या काट्याला हे दिसतही नाही. म्हणून १ टक्क्याचे पातळ द्रावण करून ठेवा : ३० टक्क्यांचे १० ग्रॅम आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल २९० ग्रॅम. यातले ५ ग्रॅम म्हणजे नेमके ५० मिलिग्रॅम. हे साध्या काट्यावरही नीट मोजता येते.

दुसरी अडचण चाखण्याची. हा थंडावा लगेच चढत नाही. एक मिनिटात काही वाटले नाही म्हणून आणखी घातले की नंतर सगळे एकदम जाणवते. त्यातच एकामागोमाग चाखत गेल्यास जीभ बधिर होते आणि पाचवा नमुना पहिल्यापेक्षा फिका वाटतो. दोन नमुन्यांत किमान पंधरा मिनिटे जाऊ द्या आणि एका बैठकीत तीनच चाखा.

गोळ्यांत डब्ल्यूएस-२३ चा फायदा असा की १३०-१४० अंशांच्या पाकात मेंथॉल वाफेबरोबर उडते, हे त्या मानाने टिकते. मात्र द्रावण खाद्य दर्जाचे आहे ना, आणि तुमच्या देशात कोणत्या पदार्थात किती परवानगी आहे, हे दोन्ही आधी पाहा. दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच बाटल्या खाण्यासाठी नसतात.

प्रश्न : एरिथ्रिटॉल घातलेल्या गोळीतही थंडावा असतो. तोही टीआरपीएम८ चाच खेळ का?

उत्तर : नाही, इथे खरेच थंड होते. एरिथ्रिटॉल विरघळताना ग्रॅममागे सुमारे १८० ज्यूल उष्णता ओढून घेते, झायलिटॉल सुमारे १५०. घरी पाहायचे तर २० ग्रॅम पाण्यात ४ ग्रॅम बारीक एरिथ्रिटॉल झटकन ढवळा; थर्मामीटर सातेक अंशांनी खाली येतो. मात्र आधीच विरघळलेल्या सिरपात ही करामत होत नाही. थंडाव्यासाठी स्फटिक जिभेवरच विरघळायला हवेत.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी आहे. मेंथॉलचा बाम नको, पण बिनवासाचे नवे शीतकारक नाकाखाली लावले तर?

उत्तर : काहीच लावू नका. लहान बाळांच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर लावल्याने स्वरयंत्र आवळले जाणे, श्वास थांबणे असे प्रकार नोंदले गेले आहेत. नवी संयुगे त्याच तंतूंवर काम करतात आणि बाळाच्या नाकाखाली ती निर्धोक आहेत असे कुणी दाखवलेले नाही. बाळाला दूध ओढायला त्रास होत असेल किंवा श्वास घेताना फासळ्या आत जात असतील, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : डब्ल्यूएस-२३ सारखे शीतकारक खाण्यात चालते तर ई-सिगारेटच्या द्रवात का नाही?

उत्तर : खाण्यासाठीची परवानगी पोटातून जाणाऱ्या मात्रेपुरती असते. फुप्फुसात गरम वाफ म्हणून ओढलेल्या मात्रेला ती लागू होत नाही. शिवाय थंडाव्याने घशाची जळजळ झाकली जाते आणि माणूस अधिक खोल ओढतो.

प्रश्न : या शीतकारकांतले काही औषधात आले आहे का?

उत्तर : हो. डब्ल्यूएस-१२ हे अकोल्ट्रेमॉन या नावाने कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत आले. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली. ते बुबुळावरच्या थंडी कळवणाऱ्या तंतूंना चाळवते आणि डोळा स्वतःच अश्रू तयार करतो. प्रमाण ०.००३ टक्के, म्हणजे वरच्या जेलमधल्या मेंथाइल लॅक्टेटच्या दीडशेपटींहूनही कमी. जेलचे हात डोळ्यांना लागले तर काय होईल, याचा अंदाज यावरून करता येईल.