"याचं डोकंच कमी आहे का, मॅडम?"

पहिलीतल्या मुलाची आई हे त्याच्यादेखत विचारत होती, म्हणून त्याला आधी बाहेर खेळायला पाठवलं. तक्रार नेहमीची: एका जागी बसत नाही, काल शिकवलेलं आज विसरतो. मग ती सहज बोलून गेली, "माती खातो, भिंतीचे पोपडेसुद्धा. मार खाल्ला तरी सोडत नाही."

माती खाणं ही नुसती खोड नसते, अनेकदा अंगात लोह कमी असतं. वडील जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कामावर. त्याच कपड्यांत घरी येऊन लेकाला कडेवर घेणारे.

बुद्ध्यांकाची चाचणी मी बाजूला ठेवली आणि त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन 8.4, रक्तातलं शिसं दर डेसिलिटरला 19 मायक्रोग्रॅम. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. 5 झालं की ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आईला मी एवढंच समजावलं: लोह आणि शिसं आतड्यातून बरेचसे एकाच वाटेने शिरतात. लोह कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं, रिकाम्या पोटी तर आणखीच. आणि हा सकाळी चहा-खारीवर शाळेत जायचा! चहाने अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही.

"गेलेली बुद्धी परत येईल?" खोटा दिलासा मी देत नाही. शिशाने मेंदूचं केलेलं नुकसान औषधाने भरून निघत नाही. शिसं बाहेर काढणारं औषध डॉक्टर साधारण 45 च्या पुढेच सुरू करतात. पण लोहाची कमतरता भरून काढता येते आणि शिशाची वाट बंद करता येते.

वडील मान खाली घालून म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळेच." नाही, दादा. कामगाराला अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय देणं मालकाचं काम आहे, आणि ती नसते याची मला चीड येते. तोवर कपडे कामावरच बदलायचे, वेगळे धुवायचे. घरात झाडूऐवजी ओलं फडकं. पोपडे निघालेली भिंत झाकायची. चहा बंद, डाळ, पालेभाजी, वर लिंबू, नाचणीची भाकरी. लोहाचं औषध डॉक्टरांच्या मापाने.

काही महिन्यांनी हिमोग्लोबिन 11 झालं, शिसं 12 वर आलं. माती सुटली. वाचनात तो अजून मागे आहे. शाळेतल्या बाई रोज थोडा वेळ त्याला वेगळं शिकवतात. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे.